सिंथचे नॉब आपोआप कसे फिरवायचे? नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात, माळ्यावरच्या एका खोलीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक लॅपटॉप, दोन स्पीकर, २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेल्या चादरी. खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालतो, त्यामुळे माइक लावून रेकॉर्डिंग करायचं तर माग बंद व्हायची वाट पाहावी लागते. सिंथचं, म्हणजे विजेने सूर घडवणाऱ्या वाद्याचं (इथं लॅपटॉपमधल्या), काम मात्र कधीही करता येतं, म्हणून शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणांची सुरुवात तिथूनच होते. कुणी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतं, कुणी इंजिनिअरिंगला आहे, कुणी दिवसभर दुकानात बसून रात्री ट्रॅक बनवतं. प्रश्न सगळ्यांचे जवळजवळ तेच. दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढले.

ऑटोमेशन म्हणजे नेमकं काय?

सोलापुरी चादरीवरची नक्षी विणकर एकेक धागा हाताने उचलून काढत नाही. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड असतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ त्यातून फिरत असते. एक पुठ्ठा समोर आला की त्यावरच्या भोकांप्रमाणे ठरावीक उभे धागे उचलले जातात, मधून आडवा धागा जातो, पुढचा पुठ्ठा येतो. माग चालेल तशी नक्षी उमटत जाते.

ऑटोमेशन तसंच. गाणं पुढे सरकतं आणि ट्रॅकखाली काढलेली एक रेघ सिंथच्या नॉबला दर क्षणी सांगत राहते, आता इथं ये, आता तिथं जा. नोटा वेगळ्या आणि ही रेघ वेगळी. कोणता सूर कधी वाजायचा हे नोटांनी ठरतं. तो वाजत असताना आवाज उघडा की दबका, कोरडा की घुमणारा, हे रेघ ठरवते.

फरक एवढाच, की पुठ्ठ्यावर भोक एकतर असतं किंवा नसतं. रेघेला मधल्या सगळ्या जागा मिळतात. अर्थात सिंथमध्येही चालू-बंदची बटणं असतात, लाटेचा आकार निवडायचे खटके असतात. त्यांची रेघ मऊ चढत नाही, पायरीसारखी उडी मारते. खटक्यावर तिरकी रेघ काढून 'सर, आवाज हळूहळू का बदलत नाही?' असं विचारणारे दर बॅचला भेटतात.

सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हा लोक काय करायचे?

हाताने फिरवायचे. रोलँडचं टीबी-३०३ हे बेसचं यंत्र १९८१ साली आलं. त्यात नोटांचा क्रम साठवता यायचा, पण नॉब कुठे होते हे त्याच्या लक्षात राहत नसे. एका हाताने कटऑफ आणि दुसऱ्याने रेझोनन्स फिरवायचा (हे दोन नॉब काय करतात ते पुढे येतं), टेप चालू ठेवायची. मुंबईचे सेशन वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली हेच ३०३, सोबत टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर रागांचा एक अख्खा अल्बम केला. पुढे शिकागोत त्याच ३०३च्या पिळलेल्या आवाजावर ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा राहिला, ते त्यानंतर. मुंबईतली ती रेकॉर्ड जगाच्या कानावर पडायला मात्र बरीच वर्षं गेली.

हा इतिहास मुद्दाम सांगतो. रेघ म्हणजे हाताची आठवण आहे. हाताने फिरवून जे कानाला बरं वाटलं नाही, ते माउसने काढून बरं वाटणार नाही.

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? पैसे नाहीत.

तुमच्याकडे आत्ता जे असेल ते. ऑटोमेशन सगळ्यात आहे, फक्त दार वेगवेगळ्या बाजूला आहे.

रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, आणि जुन्या लॅपटॉपवरही निमूट चालतं. सिंथच्या खिडकीत हवा तो नॉब जरासा हलवायचा, मग वरच्या 'पॅरम' बटणातून ट्रॅक एन्व्हलप दाखवायला सांगायचं. एन्व्हलप म्हणजे तीच आपली रेघ.

एफएल स्टुडिओत नॉबवर राइट क्लिक करून 'क्रिएट ऑटोमेशन क्लिप'. बाहेरच्या प्लगइनच्या, म्हणजे वेगळ्या बसवलेल्या सिंथ-इफेक्टच्या, खिडकीत राइट क्लिकचा हा मेन्यू बहुतेक वेळा येत नाही. तिथं नॉब हलवायचा आणि टूल्स मेन्यूतल्या 'लास्ट ट्वीक्ड' मधून क्लिप करायची. याच्या मोफत आवृत्तीत प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण सेव्ह केलेला परत उघडता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे रात्रभर जागून केलेलं काम सकाळी कुलूपबंद झालेलं मी पाहिलं आहे.

एबलटन लाइव्हमध्ये 'ए' ही की दाबली की रेघा दिसतात. प्लगइनमध्ये नॉब खूप असतील तर आधी 'कॉन्फिगर' दाबून हवे तेवढे नॉब हलवून घ्यावे लागतात, मगच ते यादीत दिसतात. मॅकवरच्या लॉजिक आणि गॅरेजबँडमध्येही रेघा दाखवायला 'ए' हीच की आहे. एलएमएमएस पूर्ण मोफत आहे. त्यात कंट्रोल दाबून धरून नॉब ओढायचा आणि ऑटोमेशनच्या क्लिपवर नेऊन सोडायचा.

सिंथही फुकट मिळतात. व्हायटलची मोफत आवृत्ती आहे, सर्ज एक्सटी पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे. यातला एक घ्या. दोन्ही घ्यायची घाई नको.

सिंथवर शंभर नॉब दिसतात. पहिला कोणता?

कटऑफ. दुसरा विचारच नको.

कटऑफ म्हणजे फिल्टरची सीमा. लो-पास फिल्टर असेल तर सीमेच्या खालचे स्वरांश (सुरात मिसळलेले उपस्वर) सुटतात, वरचे दाबले जातात. कटऑफ खाली असताना आवाज शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा वाटतो, भिंतीतून नुसती घुमी येते. वर नेत गेलात की कुणी दार उघडत आणल्यासारखा तो स्वच्छ होत जातो. गाण्यात 'आता काहीतरी येणार' ही चाहूल द्यायला एवढा एक नॉब पुरतो.

पहिला धडा असा. सर्जमध्ये सॉटूथ लाट निवडा, म्हणजे भरपूर स्वरांश असलेला खरखरीत आवाज. साध्या साइन लाटेत मूळ सुराशिवाय काही नसतं, त्यामुळे फिल्टरला दाबायलाच काही सापडत नाही. एकच सूर चार मात्रांची आठ चक्रं, म्हणजे आठ बार धरून ठेवा. कटऑफ २०० हर्ट्झपासून ६४०० हर्ट्झपर्यंत चढवा. वारंवारता दुप्पट झाली की एक सप्तक, या हिशेबाने ही पाच सप्तकांची चढण झाली. १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ मात्रांच्या वेगाला, आठ बार म्हणजे बरोबर १५ सेकंद.

आता तीच चढण तीन तऱ्हांनी काढा. एकदा सरळ रेघ. एकदा सुरुवातीला रेंगाळून शेवटच्या दोन बारमध्ये झपकन वर. एकदा उलटी, आधी झपकन आणि मग रेंगाळत. सुरुवात आणि शेवट तोच, तरी तीन वेगळी गाणी वाटतील. दुसरी तऱ्हा बहुतेकांना आवडते, कारण तिच्यात अपेक्षा ताणली जाते. पण संथ पॅडवर, म्हणजे मागे पसरून राहणाऱ्या मऊ आवाजावर, मला तिसरी जास्त भावते. आवाज लवकर उघडतो आणि मग उघडाच बसून राहतो.

आणि रेझोनन्स?

कटऑफच्या सीमेवरच जो भाग आहे, तो रेझोनन्स फुगवतो. कमी असताना कळतही नाही, वाढवला की फिल्टर शिट्टी मारायला लागतो. कटऑफ आणि रेझोनन्स दोन्ही एकदम वर नेऊ नका. शिट्टीची पातळी मूळ आवाजाच्या बरीच वर जाते आणि हेडफोनवर कानाला खरंच इजा होऊ शकते. शिकत असताना मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथं, लिमिटर (पातळी ठरावीक हद्दीपुढे जाऊ न देणारा प्लगइन) लावूनच ठेवा. एकदा मी विसरलो होतो, त्या दिवशी स्पीकरचा ट्वीटर गेला.

रेघ माउसने काढू की नॉब फिरवून रेकॉर्ड करू?

आधी फिरवा, मग साफ करा.

मिडी कीबोर्डवर नॉब असेल तर तो सिंथच्या कटऑफला जोडून घ्या. 'मिडी लर्न' नावाची सोय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. नॉब नसेल तर माउसने पडद्यावरचा नॉब फिरवा, तोही रेकॉर्ड होतो. गाणं लावा, दोनदा नुसतं ऐकत फिरवा, तिसऱ्यांदा रेकॉर्ड करा. हात कुठे थांबतो, कुठे घाई करतो, हे आधी ठरवून होत नाही.

रेकॉर्ड झाल्यावर रेघ जवळून बघा. शेकडो ठिपके दिसतील, मुंग्यांची रांग लागल्यासारखे. ते तसेच ठेवले तर नंतर एक छोटा बदल करायला जीव जातो. ठिपके कमी करायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर वळणांवरचे चार-पाच ठेवून बाकी पुसा आणि मधली रेघ वाकवा. आकार तोच राहतो, हात घालायला जागा मिळते.

अपवाद आहे. ठेक्याला चिकटून तुटणारा आवाज हवा असेल, दर सोळाव्या भागाला चालू-बंद, तर हात विसरा. ग्रिड लावून माउसनेच काढा.

रीड, टच, लॅच, राइट. हे काय प्रकरण?

नॉबला हात लावल्यावर सॉफ्टवेअरने काय करायचं, त्याच्या या चार पद्धती. एबलटन आणि एफएलमध्ये नावं आणि वागणं वेगळं आहे. लॉजिक, रीपरमध्ये मात्र ही नावं रोज भेटतात.

रीडमध्ये आधी लिहिलेली रेघ वाचली जाते, नवीन काही लिहिलं जात नाही. टचमध्ये नॉब धरला आहे तोवर लिहिलं जातं, सोडला की नॉब जुन्या रेघेवर परत जातो. लॅचमध्ये सोडल्यावरही शेवटची जागा धरून गाणं थांबेपर्यंत लिहीत राहतं. राइट हा रागीट गडी आहे. प्ले दाबल्या क्षणापासून वाटेत येईल ते पुसून नवीन लिहितो, तुम्ही हात लावा किंवा न लावा.

गड्ड्याच्या यात्रेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. एका मंडळासाठी ट्रॅक चालला होता आणि पॅडवर तीन तासांचं बारीक काम झालं होतं. चहा आला म्हणून उठलो. ट्रॅक राइटवर आहे हे लक्षात न राहता, पाहुण्याला ऐकवायला पहिल्यापासून प्ले केलं. गाणं संपलं तेव्हा रेघ सपाट होती, सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यासारखी. अनडूने वाचलो, कारण मधे दुसरं काही केलं नव्हतं. त्या दिवसापासून टच सोडून दुसरं वापरत नाही, आणि काम झालं की लगेच रीड.

नॉब हलवला तरी परत जागेवर उडी मारतो. बिघाड आहे का?

नाही. रेघ आपलं काम करते आहे. एकदा रेघ काढली की नॉबची मालकी तिची. हातानेच ठरवायचं असेल तर रेघ पुसा किंवा बंद करा.

एबलटनमध्ये उलट तक्रार येते. गाणं चालू असताना नॉबला हात लागला की तिथलं ऑटोमेशन गप्प बसतं, आणि पोरं म्हणतात, 'काल वाजत होतं, आज का नाही बे?' वरच्या पट्टीत 'री-एनेबल ऑटोमेशन'चं बटण पेटलेलं असतं, ते दाबा.

याच्याशीच जोडून एक सल्ला. सिंथच्या ट्रॅकच्या मुख्य फेडरवर, म्हणजे मिक्सरमधल्या आवाजाच्या दांडीवर, ऑटोमेशन करू नका. मिक्सिंगच्या वेळी 'हा ट्रॅक जरा कमी कर' असं वाटेल आणि फेडर ऐकणार नाही. आवाजाचे चढउतार सिंथच्या आतल्या व्हॉल्यूमवर किंवा एखाद्या साध्या गेन प्लगइनवर लिहा, फेडर मोकळा ठेवा.

एलएफओ असताना ऑटोमेशन कशाला? एन्व्हलपही आहे.

चांगला प्रश्न, आणि यावर खूप जण अडतात.

सिंथच्या आतला एन्व्हलप (रीपरमधली रेघ नव्हे, नाव तेच) प्रत्येक नोटेबरोबर नव्याने सुरू होतो. पट्टी दाबली की आवाज कसा उठतो आणि सोडली की कसा विझतो, ते त्याचं खातं. एलएफओ म्हणजे एकाच चालीने फिरत राहणारी संथ लाट, घरातल्या पंख्यासारखी. गाणं कुठे आलं आहे याची दोघांनाही खबर नसते. दुसऱ्या कडव्यानंतर आवाज उघडायचा आहे हे फक्त ऑटोमेशनला कळतं.

खरी मजा तिघांना एकत्र बांधण्यात आहे. एलएफओने कटऑफ हलतो आहे, आणि तो किती हलावा ते ऑटोमेशनने ठरतं. कडव्यात जेमतेम थरथर, ध्रुवपदाकडे जाताना थरथर वाढत जाते. दर लाट हाताने काढण्यापेक्षा एका रेघेत काम होतं आणि ऐकायलाही जिवंत वाटतं.

एकाच वेळी चार नॉब फिरवायचे असतील तर चार रेघा?

मॅक्रो वापरा, म्हणजे अनेक नॉब एकदम हलवणारा एक नॉब. व्हायटलमध्ये चार मॅक्रो आहेत, सर्ज एक्सटीमध्ये आठ. एका मॅक्रोला कटऑफ वर, रिव्हर्ब थोडा वर, डिस्टॉर्शन किंचित वर असं बांधून ठेवायचं आणि रेघ फक्त मॅक्रोची काढायची. गाण्याचं एक वळण, एक रेघ.

आणखी एक फायदा आहे. प्रीसेट, म्हणजे सिंथमधला तयार आवाज, बदलला की प्रत्येक नॉबचा अर्थ बदलतो. जुन्या प्रीसेटवर गोड वाटलेली कटऑफची रेघ नव्यावर कर्कश होऊ शकते. मॅक्रो असेल तर नव्या प्रीसेटमध्ये फक्त जोडण्या नीट करायच्या, रेघेला हात लावायचा नाही.

माझ्याकडे ऑर्केस्ट्राचा जुना कीबोर्ड आहे. त्याचे आवाज असे हलवता येतील?

बहुतेक येतील. मिडी १९८३ साली आलं ते यासाठीच, की एका कंपनीच्या यंत्राची भाषा दुसऱ्याला कळावी. त्यात 'कंट्रोल चेंज' म्हणजे सीसी नावाचे संदेश असतात. सीसी १ म्हणजे मॉड्युलेशन व्हील, ७ व्हॉल्यूम, १० पॅन, ११ एक्सप्रेशन, ६४ सस्टेन पेडल. ७४ बऱ्याच कीबोर्डांवर आवाजाच्या उजळपणाला, म्हणजे कटऑफला जोडलेला असतो. कीबोर्डच्या पुस्तिकेत मागे 'मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट' असतो, तुमचं यंत्र कोणते संदेश मानतं ते तिथं दिसेल. पुस्तिका हरवली असेल तर कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या पुस्तिकाही बऱ्याचदा सापडतात.

एक मर्यादा लक्षात घ्या. साध्या सीसीत ० ते १२७ इतक्याच पायऱ्या असतात. संथ, लांब चढणीत त्या कधीकधी कानाला जाणवतात, जिन्यावरून उतरल्यासारखं बारीक खरखर येतं. लॅपटॉपमधल्या सिंथच्या नॉबवर सरळ काढलेल्या रेघेला ही अडचण सहसा येत नाही, तिथं पायऱ्या फारच बारीक असतात. म्हणून सॉफ्टवेअर सिंथला सीसीने हलवू नका, त्याच्या नॉबचंच ऑटोमेशन करा.

सनईसारखी मींड सिंथवर काढता येते?

येते, आणि आपल्याकडच्या पोरांनी हे शिकायलाच हवं.

पिच बेंड वापरा. त्याला १२८ नाही, १६३८४ पायऱ्या आहेत, त्यामुळे सूर घसरत नाही, वाहतो. बहुतेक सिंथवर बेंडचा पल्ला मुळात दोन सेमिटोनचा असतो. म्हणजे सा वरून फार तर शुद्ध रे पर्यंत. सिंथच्या सेटिंगमध्ये तो १२ करा, अख्खं सप्तक मिळेल. आता सा धरून ठेवायचा आणि बेंडच्या रेघेने प वर जायचं. प सात सेमिटोन वर आहे, म्हणून वरच्या अर्ध्या पट्ट्याच्या बारा भागांपैकी सात. आकड्यात मांडलं तर ८१९२ पैकी साधारण ४७७९.

आकड्याने मात्र फक्त पोहोचायचा सूर मिळतो. मींड मधल्या वाटेत असते. सरळ रेघ काढली तर ॲम्ब्युलन्सचा भोंगा होतो. सा वर जरा थांबा, निघताना हळू, मधे वेग, आणि प च्या किंचित खाली येऊन मग त्याला चिकटा. एखाद्या वादकाला समोर बसवून ऐका, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत वाद्यांच्या जवळून चाला, आणि मग रेघ काढा. आणि मींडेच्या वेळी एकच सूर वाजवा. साधा बेंड त्या चॅनेलवरचे सगळे सूर एकदम ओढतो, कॉर्ड धरला असेल तर तो अख्खा घसरेल.

हेडफोनवर भारी वाटतं, मिरवणुकीतल्या साउंडवर काहीच कळत नाही.

पॅनचं ऑटोमेशन केलं असेल. डावीकडून उजवीकडे फिरणारा आवाज हेडफोनवर छान लागतो, पण मोठ्या साउंडवर बऱ्याचदा सगळं मोनो करून, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, सोडतात आणि फिरणं नाहीसं होतं. मास्टरवर मोनोचं बटण दाबून ऐकायची सवय लावा. मोनोत जो बदल टिकतो तो कटऑफचा, आवाजाच्या पातळीचा, सुराचा आणि ठेक्याच्या तुटण्याचा.

उघड्यावर रिव्हर्बची बारीक शेपटीही गर्दीत विरून जाते. तिथं हालचाल ठळक हवी, नाजूकपणा घरी ठेवा.

क्लिपमधलं आणि ट्रॅकवरचं ऑटोमेशन, कोणतं बरं?

क्लिपबरोबर फिरत राहावं असं वाटलं तर क्लिपमध्ये, गाण्याच्या लांबीवर पसरायचं असेल तर ट्रॅकवर. एकाच नॉबवर दोन्ही नको. त्यात दोष कुणाचा ते शोधता शोधता सकाळ होते.

किती ऑटोमेशन पुरे?

तीन मिनिटांच्या ट्रॅकवर एका सिंथला दोन रेघा, फार तर तीन. नवीन असताना सगळेच प्रत्येक नॉब हलवतात, मीही हलवायचो. मग कानाला धरायला काही उरत नाही. तपासायची सोपी पद्धत आहे. एक रेघ बंद करा आणि ज्याला संगीतातलं काही कळत नाही अशा घरच्या माणसाला दोन्ही ऐकवा. त्याला फरक कळला नाही तर ती रेघ पुसा. माझी आई यात फार कडक परीक्षक आहे. शेंगा कुटता कुटता ती 'पहिलं बरं होतं' एवढंच म्हणते आणि बहुतेक वेळा बरोबर निघते.

लॅपटॉप अडखळतो, खास करून मे महिन्यात.

चाळीस अंशांच्या पुढे पारा गेला की लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि आवाज तुटायला लागतो. बफर (आवाज आधीच तयार करून ठेवायची जागा) वाढवा. ज्या सिंथचं काम झालं आहे तो ट्रॅक फ्रीझ करा किंवा ऑडिओत उतरवून घ्या. ऑडिओत उतरताना सगळ्या रेघा त्या आवाजात भाजून पक्क्या होतात, नंतर बदलता येत नाहीत, म्हणून मूळ ट्रॅक पुसू नका, फक्त बंद करून ठेवा. आणि लॅपटॉप गादीवर ठेवायचा नाही. एवढ्या एका गोष्टीने कितीतरी जणांचं निम्मं दुखणं गेलं आहे.

वीज गेली आणि रेघा गेल्या तर?

बॅटरी मेलेला लॅपटॉप असेल तर यूपीएस घ्या. सॉफ्टवेअरमधलं ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा. दर मोठ्या बदलाला नवीन नावाने सेव्ह करा, नावात तारीख घाला. 'फायनल', 'फायनल खरंच', 'फायनल आता शेवटचं' अशी नावं ठेवू नका. माझ्या डिस्कवर अशा अकरा फायली आहेत आणि त्यातली कोणती मंडळाला दिली ते आजही सांगता येत नाही.